सोसायटीतील चाळीस जणांना घेऊन कुठे जावे: अंजनेरी, कळसूबाई की हरिश्चंद्रगड?

निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

सर्वांना नमस्कार. गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी सर्वांनी मिळून एखाद्या डोंगरावर चालायला जाण्याचा प्रघात आमच्या नाशिकमधील सोसायटीत गेली सहा वर्षे आहे. सुरुवातीला आम्ही दहा-बारा जण असायचो आणि पांडवलेणी, चामरलेणी, रामशेज अशा जवळच्या ठिकाणी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परतायचो. गेल्या वर्षी संख्या अडतीसवर गेली आणि तरुण मंडळींच्या आग्रहाखातर आम्ही हरिहर किल्ला निवडला. ज्यांनी त्या खडकात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या पाहिल्या आहेत त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वाटेवर समोरासमोर आले आणि आम्ही त्या पायऱ्यांवर सुमारे दीड तास अडकलो. माझ्या पुढे अकरा वर्षांची एक मुलगी होती. खडकातल्या खोबणीत बोटे घट्ट रोवून, मागे न बघता ती मला म्हणाली, "आजी, माझे हात थरथरताहेत." मी तिच्या पाठीला हात लावून उभी राहिले, कारण त्या जागी त्याहून अधिक काही करता येण्यासारखे नव्हते.

या वर्षी ठिकाण ठरवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. हरिहरच्या वाटेवर पावलागणिक वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या पाहिल्यापासून माझ्या मनात असे आहे की, जिथे निसर्गाला काही कायदेशीर संरक्षण आहे अशाच ठिकाणी मुलांना न्यावे, म्हणजे डोंगर कसा असायला हवा हे त्यांना दिसेल. अंजनेरी, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड अशी तीन नावे पुढे आली आहेत. नोंदणी चाळीस जणांची आहे. त्यांत आठ ते चौदा वयाची नऊ मुले आहेत, साठीच्या पुढचे सहा जण आहेत आणि त्यांपैकी एकांची गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या तिन्हींपैकी कोणते ठिकाण निवडावे आणि त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते का, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

त्र्यंबकरांग

ताई, आपण तीन नावे एका ओळीत लिहिली असली तरी ती एकाच तऱ्हेची ठिकाणे नाहीत. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड ही दोन्ही १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. हे अभयारण्य अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात असून त्याचा विस्तार साडेतीनशे चौरस किलोमीटरहून अधिक आहे. अंजनेरी अभयारण्य नाही. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तो दर्जा त्याला २०१७ मध्ये मिळाला आणि त्याचे क्षेत्र जेमतेम पावणेसहा चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा जागेत चाळीस माणसे एकदम उतरली, तर विस्तीर्ण अभयारण्यात चाळीस माणसे गेल्याने होईल त्याहून कितीतरी अधिक फरक तिथे पडतो. मी गेली अनेक वर्षे अंजनेरीला जात आहे आणि माझे मत अंजनेरीच्याच बाजूने आहे. चाळीस जणांच्या मात्र मी पूर्ण विरोधात आहे.

त्याचे कारण जरा विस्ताराने सांगतो. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे. २००६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे प्रथम वर्णन केले आणि या डोंगरावरूनच तिला 'सेरोपेजिया अंजनेरिका' असे नाव दिले. झाड इतके लहान असते की, ते गवतात हरवून जाते. माहीत नसणारा माणूस त्यावर पाय देऊन पुढे निघून जातो आणि आपण काय केले हे त्याला कळतही नाही. कंदीलपुष्पांच्या फुलांची रचना पाहण्यासारखी असते. खाली फुगीर बुडखा, त्यावर अरुंद नळी आणि टोकाशी पाकळ्या एकमेकींना जुळून तयार झालेली कंदिलासारखी जाळी. वासाने ओढली गेलेली बारीक माशी नळीतून आत उतरते आणि नळीतले खाली वळलेले केस तिला परत वर येऊ देत नाहीत. काही काळाने ते केस सुकून गळतात आणि अंगावर पराग घेऊन माशी बाहेर पडते. मुलांना दाखवायला याहून चांगला धडा नाशिकच्या आसपास नाही. मात्र तो दाखवायचा तर गुडघ्यावर बसावे लागते, एका वेळी चार जणांनी बघावे लागते आणि बाकीच्यांनी मळलेल्या वाटेवर थांबावे लागते. चाळीस जणांच्या घोळक्यात हे कसे साधणार? फुलाचा हंगाम साधारण ऑगस्ट-सप्टेंबरचा, म्हणजे आपण निवडलेल्या तारखेच्या अगदी जवळचा. पठारावरचे गवत, सोनकी, तेरडा हे सारे त्याच वेळी भरात असते आणि फोटोसाठी वाट सोडून आत शिरण्याचा मोहही त्याच वेळी सर्वाधिक असतो.

हिवाळ्यात जावे, तर प्रश्न वेगळा. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. दुर्बिणीतून पाहिले तर कातळावर वरून खाली आलेले पांढरे ओघळ दिसतात, ती त्यांच्या बसण्याच्या जागेची खूण. नोव्हेंबरच्या सुमारास वीण सुरू होते आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. गुरांना देण्यात येणाऱ्या आणि मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे गिधाडांची संख्या किती घटली हे सर्वांना माहीत आहे. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली, तरी एकेक अंड्याच्या हिशोबाने ती घट भरून निघायला पिढ्या लागतात. म्हणून हिवाळ्यात कड्याच्या टोकाशी जाऊन आरोळ्या ठोकणे आणि ड्रोन उडवणे मुळीच नको.

आपल्या गटातील ज्येष्ठांविषयी एक सांगतो. अंजनेरी गावातून वर जाताना सुरुवातीची वाट सोपी आहे. पुढे घळीतल्या पायऱ्या लागतात, त्या पावसात ओल्या असतात आणि माकडे हातातली पिशवी ओढतात. त्या पायऱ्या चढून पठारावर आले की, अंजनीमातेच्या मंदिरापर्यंत चाल जवळजवळ सपाट आहे. शस्त्रक्रिया झालेल्या गृहस्थांना चढणे जमेल, पण उतरताना गुडघ्यावर भार येईल. निर्णय त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्यावा.

सिडकोकर

वरील मताचा आदर राखून मी थोडे वेगळे सांगू इच्छितो. नाशिककरांच्या मुलांनी महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, एकदा तरी चढावे असे मला वाटते. १,६४६ मीटर हा आकडा भूगोलाच्या पुस्तकात पाठ करणे आणि त्या उंचीवर उभे राहून खालचे भंडारदऱ्याचे पाणी पाहणे यांत फार अंतर आहे. सप्टेंबरमध्ये सारा डोंगर हिरवा असतो, कठीण ठिकाणी शिड्या बसवलेल्या आहेत आणि पायथ्याचे बारी गाव घोटीमार्गे नाशिकहून दोन तासांच्या आत गाठता येते. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना चढला होता. अभयारण्य मोठे असल्याने चाळीस जणांचाही तिथे विशेष त्रास होणार नाही.

राजूर परिसर

मी याच अभयारण्यातल्या एका गावचा आहे आणि लोकांना गडावर घेऊन जाणे, त्यांची जेवणाची सोय करणे हा आमच्या घराचा शेतीला जोडधंदा आहे. तेव्हा चाळीस माणसे आमच्याकडे येऊ नयेत असे मी म्हणालो तर त्यात माझेच नुकसान आहे, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

सिडकोकर साहेबांनी अभयारण्य मोठे आहे असे म्हटले ते नकाशापुरते खरे आहे. कळसूबाईला जाणारा माणूस काही साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरत नाही. तो बारीतून निघतो, डोंगराच्या त्याच एका सोंडेने चढतो आणि त्याच शिड्यांपाशी रांगेत उभा राहतो. पावसाळ्यातल्या रविवारी पहाटेपासून मुंबई, पुणे आणि नाशिकच्या गाड्या येतात. ताईंनी हरिहरच्या पायऱ्यांवर जे सोसले, तेच चित्र शिड्यांपाशी दिसते. फरक एवढाच की, इथे हाताला लोखंड असते. त्या लोखंडाविषयीही सांगायला हवे. सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, पाऊस परतीला लागल्यावर, सकाळी आभाळ स्वच्छ असते आणि दुपारनंतर अचानक गडगडाट सुरू होतो. उघड्या शिखरावर, लोखंडी शिडीला धरून, मुलांची रांग उभी असताना वीज चमकू लागली, तर माणसाने पळावे कुठे? आम्ही गावातले लोक त्या दिवसांत दुपारी बाराच्या आत शिखर सोडण्याचा आग्रह धरतो. बारीहून चढायला सवयीच्या माणसाला तीन तास लागतात. चाळीस जणांच्या गटाला शेवटच्या माणसाच्या चालीने चालावे लागते, म्हणजे साडेचार तास धरा. नाशिकहून किती वाजता निघावे लागेल याचा हिशोब आपणच करा.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात राहत नाही. कळसूबाई आमची देवी आहे, शिखरावर तिचे मंदिर आहे आणि नवरात्रात आसपासच्या गावांतली माणसे दर्शनाला वर जातात. तेव्हा विसर्जनानंतरचा एखादा रविवार चुकवून पुढे नवरात्रात येण्याचा विचार असेल, तर त्या दिवसांत वाट भाविकांची असते हे समजून यावे. माझ्या मते कळसूबाईसाठी नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी हा काळ उत्तम. वाट कोरडी असते, हवा थंड असते आणि दूरवर अलंग, मदन, कुलंग हे गड स्पष्ट दिसतात. शक्य असेल तर आठवड्यातल्या मधल्या वारी यावे.

हरिश्चंद्रगडाचे मी थोडक्यात सांगतो. पाचनई गावातून चढणारी वाट तिन्ही-चारही वाटांत सोपी आहे, पण नाशिकहून तिथे पोहोचायलाच तीन तासांहून अधिक लागतात. चढून मंदिर, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा हे सारे एका दिवसात पाहून मुलांना घेऊन परत नाशिक गाठणे म्हणजे निव्वळ धावपळ होते. मुक्काम केला तरच त्या गडाला अर्थ आहे आणि मुक्कामाला चाळीस जण नेणे मी सुचवणार नाही. केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेइतके थंड पाणी असते. त्यात एकाच वेळी वीस माणसे उतरून दंगा करताना मी पाहिली आहेत आणि त्यानंतर ते पाणी कसे दिसते हेही पाहिले आहे.

आता धंद्याचे बोलतो. आपण पंधरापर्यंतच्या गटाने आलात, तर आदल्या दिवशी कळवल्यास गावात कोणाच्याही घरी पिठले, भाकरी, भात आणि ठेचा मिळतो. एखादा वाटाड्या सोबत घ्यावा, वाट ठाऊक असली तरी घ्यावा. घोळक्यातले कोण मागे राहिले, कोणाची चाल बिघडली, ढग कोणत्या बाजूने चढतो आहे, हे बघणारे एक माणूस आपल्या मंडळींखेरीज असलेले बरे.

निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल आभार. राजूरच्या दादांचे उत्तर वाचून मी सोसायटीच्या बैठकीत ते मोठ्याने वाचून दाखवले. विजेचा मुद्दा ऐकल्यावर कळसूबाईचा आग्रह धरणारे तरुण गप्प झाले. अडचण अशी आहे की, ज्यांनी नाव नोंदवले त्यांना नाही म्हणणे मला जड जाते. काही जण तर या एका दिवसाखेरीज वर्षभर घराबाहेर चालत नाहीत. शिवाय परवानगीच्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. एकीकडे पावती फाडून आत जाता येते असे ऐकते, दुसरीकडे अभयारण्यात विनापरवाना जाणे गुन्हा आहे असे वाचते. यांतले खरे काय?

माजी वनरक्षक

दोन्ही खरे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील कलम २७ नुसार अभयारण्यात कोणी प्रवेश करावा यावर निर्बंध आहेत. कर्तव्यावरील शासकीय सेवक, तिथे राहण्याची मुभा असलेले किंवा तिथे स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले लोक आणि सार्वजनिक रस्त्याने पलीकडे जाणारे वाटसरू यांना तो निर्बंध लागू नाही. इतरांना कलम २८ खाली परवाना लागतो आणि तो ज्या कारणांसाठी मिळू शकतो त्यांत अभ्यास, संशोधन आणि छायाचित्रण यांच्याबरोबर पर्यटनही आहे. आपण नाक्यावर शुल्क भरून जी पावती घेता ती या व्यवस्थेचाच भाग आहे, म्हणून ती परतीपर्यंत जपून ठेवावी.

संवर्धन राखीव क्षेत्राची गोष्ट निराळी आहे. अधिनियमात २००२ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा कलम ३६-अ ने हा नवा प्रकार आला. शासनाच्या मालकीची जमीन स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून राखीव करायची आणि तिच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी घ्यायचे, अशी त्यामागची कल्पना आहे. प्रवेशाचा जो निर्बंध अभयारण्याला आहे तो इथे तसाच लावलेला नाही. मात्र वन्यप्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे यांवरील बंदी, आग लावण्यावरील बंदी व घातक रसायनांवरील बंदी ही कलमे इथेही लागू आहेत. म्हणजे वेफर्सचे पाकीट टाकणे हे अंजनेरीवर केवळ वाईट वर्तन ठरत नाही, ते कायद्याचे उल्लंघन आहे. मुलांना हे जरूर सांगा, त्यांना असल्या गोष्टी मोठ्यांपेक्षा लवकर पटतात. प्रत्यक्ष प्रवेशाची वेळ, शुल्क आणि पावसामुळे घातलेली तात्पुरती बंदी या बाबी बदलत असतात. म्हणून निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस आधी वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी.

चाळीस जणांच्या अडचणीवर मला एक सुचते. आपण संरक्षित ठिकाण शोधता आहात आणि त्र्यंबक आणि घोटीच्या दिशेलाच पाहता आहात, पण पेठ रस्त्याकडे पाहिलेच नाही. बोरगड हे राज्यातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र, २००८ चे. एके काळी उघडाबोडका झालेला डोंगर झाडे लावून, चराई आवरून आणि वणवे थांबवून कसा भरून येतो, हे तिथे दिसते. माथ्यावर हवाई दलाचे केंद्र असल्याने वर जाता येत नाही आणि मला विचाराल तर त्या डोंगराचे भले होण्यात या अडसराचाही वाटा आहे. त्याच्या शेजारीच रामशेज आहे. मोगलांच्या सैन्याला वर्षानुवर्षे दाद न देणारा हा किल्ला चढायला मात्र तासाभराचा आहे. साठीच्या पुढच्यांनी आणि लहान मुलांनी रामशेजवर जावे आणि समोरचा बोरगड दुर्बिणीतून पाहावा. बाकीच्यांचे दोन गट करून वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी पाठवावेत. एकाच दिवशी सर्वांनी जाण्याचा प्रघात फक्त सहा वर्षांचा आहे, तो मोडल्याने काही बिघडणार नाही.

त्र्यंबकरांग

माजी वनरक्षकांच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन आहे. अंजनेरीचा गट बारा जणांचा असेल आणि शनिवार-रविवार सोडून येणार असेल, तर मी स्वतः सोबत येईन. फुले कुठे आहेत हे मी इथे लिहिणार नाही, त्याचे कारण समजून घ्यावे. कंदीलपुष्पांचे कंद खोदून नेले जातात.

निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

काल रात्री ठरले. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी साडेसहाला ज्येष्ठ मंडळी आणि दहा वर्षांखालील मुले आपापल्या पालकांसह रामशेजवर जातील. असे सोळा जण आहेत आणि गुडघ्याचे गृहस्थ पायथ्याच्या आशेवाडीत बसून बोरगड पाहण्यास राजी झाले आहेत. त्याच आठवड्यातल्या बुधवारी बारा जण अंजनेरीला येतील. त्यासाठी चौघांनी कार्यालयातून रजा घेतली आहे, मलाच आश्चर्य वाटले. उरलेले बारा तरुण डिसेंबरमध्ये कळसूबाईला जातील आणि त्यांनी वाटाड्या घेण्याचे कबूल केले आहे. हरिश्चंद्रगडाचे नाव सध्या बाजूला ठेवले आहे.

हरिहरच्या पायऱ्यांवर जिचे हात थरथरले होते ती मुलगी अंजनेरीच्या गटात आहे. तिने कंदीलपुष्पाविषयीचे उत्तर माझ्या फोनवर दोनदा वाचले आणि माशी खरोखर बाहेर पडते का, हे आत बघून खात्री करता येईल का, असे विचारले. फूल फाडून बघता येणार नाही असे मी सांगितल्यावर, मग माशी बाहेर येईपर्यंत तिथेच बसू, असे तिचे म्हणणे पडले. तेव्हा त्र्यंबकरांग यांनी त्या दिवशी जरा जादा वेळ हाताशी ठेवावा ही विनंती. राजूरच्या दादांना डिसेंबरच्या बारा जणांसाठी वेगळा निरोप पाठवते, भाकरी तांदळाची असेल की नाचणीची एवढे तेवढे कळवावे.